मोहीम एकीकडे, धर्मादाय संस्था दुसरीकडे: नोंदणीचा माझा अनुभव

ब्रिटनमध्ये मोटरसायकलवाल्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या संघटना जुन्या आहेत. १९७३ मध्ये हेल्मेटसक्ती आली, तिला विरोध करता करता चळवळ उभी राहिली, आणि पुढे बसलेनमधून बाइकला वाट, पार्किंग, रस्त्यांची दुरुस्ती असे विषय येत गेले. अशाच एका संघटनेत मी काम करतो. सरकारच्या मागे लागणं हे आमचं काम, आणि ते सोडायचं नाही यावर आमच्यात कधी दुमत नव्हतं. पण अपघातात जायबंदी झालेल्या स्वाराला आधार द्यायचा, नव्या स्वारांना प्रथमोपचार शिकवायचे, यासाठी मदत मागायला गेलं की पहिला प्रश्न यायचा: तुमचा चॅरिटी नंबर, म्हणजे धर्मादाय संस्था म्हणून नोंदणीचा क्रमांक, काय?

मग संघटनेचीच चॅरिटी का करत नाही, असं बरेच जण विचारतात. करता येत नाही. कायदा बदलून घेणं हाच जिचा उद्देश, ती संस्था इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात धर्मादाय ठरत नाही. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने स्थापन केलेल्या ट्रस्टच्या बाबतीत १९८१ मध्ये न्यायालयाने हेच सांगितलं. चॅरिटीला मोहीम अगदीच वर्ज्य आहे असं नाही. आपल्या उद्दिष्टांसाठी ती कायद्यात बदल मागू शकते. मात्र तेच तिचं एकमेव, कायमचं काम होता कामा नये आणि कुठल्याही पक्षाची बाजू तिने घेता कामा नये. आमच्या संघटनेचा तर सगळा जीवच मोहिमेत. तिचं तोंड बांधण्यापेक्षा शेजारी दुसरं घर, म्हणजे वेगळी धर्मादाय संस्था, बांधलेलं बरं, असं ठरलं.

रचना म्हणून चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन, म्हणजे सीआयओ, निवडली. २०१३ पासून ही सोय सुरू झाली. फक्त चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदणी करायची, कंपनी म्हणून वेगळी नाही. संस्थेच्या कर्जाचा बोजा विश्वस्तांवर सहसा येत नाही. आणि उत्पन्न कितीही कमी असलं तरी नोंदणी मिळू शकते. (साध्या ट्रस्टला वर्षाला ५,००० पौंडांची अट असते.) सीआयओचे दोन नमुने आहेत. एकात मतदार सभासद असतात, दुसऱ्यात, म्हणजे फाउंडेशनमध्ये, विश्वस्त हेच सभासद. आम्ही दुसरा घेतला, कारण संघटनेच्या वार्षिक सभेतल्या मतांवर धर्मादाय पैशाचा निर्णय फिरता कामा नये.

खरी मेहनत उद्दिष्टांच्या कलमावर झाली. ‘मोटरसायकलस्वारांचे हित जपणे’ हे वाक्य काही जणांना फार प्रिय होतं. ते कलमात बसत नव्हतं. एका गटाचं हित म्हणजे सार्वजनिक हित नव्हे. २०११ च्या चॅरिटीज ॲक्टमध्ये धर्मादाय उद्देशांचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यातून आम्ही आरोग्य आणि जीव वाचवणं, शिक्षण, आणि आजारपण किंवा अपंगत्वाने अडचणीत आलेल्यांना मदत, एवढं घेतलं आणि प्रत्येकापुढे नेमकं काय करणार ते लिहिलं. अपघातस्थळी जखमी स्वाराचं हेल्मेट उगाच काढायचं नाही, पण श्वास अडला असेल तर दोघांनी मान सांभाळत ते कसं काढायचं, हे शिकवणारे वर्ग हे त्यातलं एक. सार्वजनिक हित म्हणजे काय, ते अशा उदाहरणाने एकदम स्पष्ट होतं. लाभ फक्त सभासदांना मिळणार का, हे कमिशनने विचारलंच. नाही, कोणालाही, असं उत्तर देता आलं याचा मला आजही आनंद आहे.

विश्वस्तांबाबत मी आग्रही राहिलो. संघटनेच्या कार्यकारिणीतले लोक विश्वस्त होऊ शकतात, पण त्यांचं बहुमत नको. दोन संस्थांमधल्या व्यवहाराचा विषय निघाला की त्यांनी उठून बाहेर जायचं, हेही लिहून ठेवलं. काहींना हा अविश्वास वाटला. मला वाटतं, मैत्री टिकवायची तर हिशेब चोख हवेत. संघटनेच्या मोहिमेचा खर्च फाउंडेशनने कधीही उचलायचा नाही. बाइक मेळाव्यात आता दोन वेगवेगळ्या, सीलबंद डब्या असतात, प्रत्येकीवर त्या त्या संस्थेचं नाव ठळक, आणि मोजणीही वेगळी होते.

बँक खात्याने मात्र जीव काढला. प्रत्येक विश्वस्ताची ओळख, पत्त्याचा पुरावा, पुन्हा तीच कागदपत्रं, पुन्हा नवा फॉर्म. या कामासाठी चिकाटीचा एक माणूस आधीच नेमून ठेवा. ‘गिफ्ट एड’साठी, म्हणजे देणगीदाराने भरलेल्या करातला वाटा चॅरिटीला मिळण्याच्या सोयीसाठी, करखात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, पण तो नक्की करा. करदात्याने दिलेल्या एका पौंडाचे त्यामुळे १.२५ पौंड होतात. संघटनेच्या वर्गणीला ही सवलत नाही, हे सभासदांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं.

आता दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्र कमिशनकडे पाठवायचं, वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांच्या आत. ते काम खजिनदाराने आनंदाने घेतलंय. मदतीच्या अर्जाचा नमुना आम्ही मुद्दाम एका पानाचा ठेवला आहे, आणि त्यात ‘तुम्ही संघटनेचे सभासद आहात का’ हा रकाना नाही.