स्काउलहोल्टच्या काचांमधे संत सापडत नाहीत

आइसलँडला जाणारे आपले लोक गोल्डन सर्कल करतात म्हणजे गायसिरचे गरम पाण्याचे झरे बघतात, गुलफॉस धबधबा बघतात, सेल्फी काढतात आणि परत रेक्याविकला, पण तिथून जवळच, शेतांच्या मधे, स्काउलहोल्टचं पांढरंशुभ्र ल्युथेरन (म्हणजे कॅथलिकांपासून फुटलेल्या मार्टिन ल्युथरच्या पंथाचं) चर्च आहे आणि ते बऱ्याच जणांच्या यादीतच नसतं.

आत्ताची इमारत १९६३ ची, म्हणजे नवीच म्हणायची. जागा मात्र जुनी, १०५६ पासून इथे बिशपची गादी. ओद्दुर नावाच्या माणसाने इथेच, कॅथलिक बिशपच्या नाकाखाली, गोठ्यात बसून बायबलमधल्या नव्या कराराचं आइसलँडिक भाषांतर केलं म्हणतात, ते १५४० ला छापलं गेलं. मग १० वर्षांनी, ७ नोव्हेंबर १५५० ला, उत्तरेकडचा शेवटचा कॅथलिक बिशप योन आरासोन आणि त्याचे दोन मुलगे (हो, कॅथलिक बिशपला मुलगे, तिकडे चालायचं) यांची डोकी इथेच उडवली, कारण हिवाळाभर यांना कैदेत ठेवायचं कुठे हा प्रश्न होता आणि कोणीतरी म्हणालं, कुऱ्हाड आणि माती यांना सगळ्यात नीट सांभाळतील. मागे जोर अर्थात डेन्मार्कच्या राजाचा, आइसलँड तेव्हा त्याच्याच ताब्यात आणि त्याला ल्युथेरन धर्म हवा होता.

आणि आता गंमत बघा, चर्चच्या रंगीत काचा डेन्मार्कमधूनच भेट आल्यात.

काचांचं डिझाइन गेरदुर हेल्गादोत्तिर या बाईंचं. मूळच्या शिल्पकार, लोखंडात काम करणाऱ्या, आणि ते काचेत पण जाणवतं, सगळे भौमितिक तुकडे, निळे, लाल, पिवळे, एकही संत नाही, एकही गोष्ट नाही. ल्युथेरन म्हणजे चित्रं नकोत असं मात्र समजू नका, १५२२ मधे विटेनबर्गला चर्चमधली चित्रं फोडणाऱ्यांना खुद्द ल्युथरनेच आवरलं होतं, तेव्हा हा निर्णय कलाकाराचा. मला तरी तो पटला, कारण इथे संत रंगवायचे तर कोणाच्या बाजूचे रंगवणार? येशू आहे, पण तो समोर वेदीमागे, नीना त्रिग्ग्वादोत्तिर यांच्या मोझेकमधे, आजूबाजूच्या डोंगर-आभाळाच्याच रंगात मिसळलेला.

तळघर चुकवू नका. १२११ ला वारलेल्या बिशप पाउल्ल यांची दगडी शवपेटी १९५४ च्या उत्खननात सापडली, ती तिथे ठेवलीय. टूर बस थांबलीच तर एवढा वेळ देईलच असं नाही, गाडी भाड्याने घेतलेली बरी.