आधी जागा, मग गाडी

टोकियोच्या निशिकासाई भागातल्या शोरूममध्ये मित्राला पहिला प्रश्न आला तो, 'ठेवणार कुठे?' बजेट नाही, रंग नाही, ॲव्हरेज तर नाहीच नाही. जपानमध्ये 1962 पासून कायदाच आहे: रस्त्याबाहेर स्वतःची जागा दाखवा, मग गाडी नावावर करा. तीही घरापासून 2 किलोमीटरच्या आत.

दाखला देतं पोलीस ठाणं. अर्जासोबत नकाशा, जागेची लांबी-रुंदी, समोरचा रस्ता किती मीटर, जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र. टेप घेऊन आम्ही दोघं खाली माप घेत होतो, तर कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मोजणीला आलेला तलाठीही इतकं काटेकोर मोजत नसेल! शिवाय रात्री सलग 8 तास गाडी रस्त्यावर ठेवणं हाही गुन्हा. म्हणून सकाळी आमच्या गल्लीत डांबराची पांढरी कड या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. सदाशिव पेठेत ती कड असते का, हेच मला आठवत नाही.

2025 मध्ये आपल्या परिवहन मंत्र्यांनीही पार्किंग नसेल तर नोंदणी नाही, असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी हसण्याच्या इमोजींची रांग लावली. मला तेव्हा रागच आला. आता वाटतं, काकांचंही बरोबर आहे. इथे टोकियोत दर काही मिनिटांनी मेट्रो आहे, म्हणून गाडीला नाही म्हणणं परवडतं. पुण्यात पीएमपीएमएलच्या बसची वाट बघून कंटाळलेल्या माणसाला आधी दाखला आण म्हणणं सोपं नाही. आणि जपान्यांनी फार मिरवू नये. 660 सीसीच्या ज्या चिमुकल्या 'केई' गाड्यांचं ते कौतुक करतात, त्यांच्याच घराण्यातली मारुती 800 आपण 1983 पासून घाटात चढवली आहे, पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्यांसकट.

मी मात्र गाडी घेतलेली नाही. पार्किंगचं भाडं, दर दोन वर्षांची सक्तीची तपासणी, कोण करणार? कोपऱ्यावर शेअरिंगची गाडी 15 मिनिटांच्या हिशेबाने मिळते, मोबाइलने दार उघडतं. पुढे शहरांत गाडी अशीच वापरायची, मालकीची हौस संपणार, असं मी बाबांना फोनवर समजावतो. त्यांची स्वतःची गाडी सोसायटीबाहेर रस्त्यावर असते. पण ती इमारतच जुनी, तेव्हा पार्किंग ठेवायचं कुणाच्या डोक्यात होतं? आणि बाबा गाडी अगदी कडेला लावतात, आरसे मिटून.