तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी, मग पीएचडी, मग परत कंपनी, हे असं का?

नवीन ओळख झाली आणि मी काय करते ते कळलं की हा प्रश्न येतोच. आधी कंपनीत होतात, मग पीएचडी, मग परत कंपनी, आता पुन्हा रिसर्च, तर नक्की बरं कुठे आहे? बहुतेकांना पगार आणि स्वातंत्र्य एवढंच ऐकायचं असतं, तर ते आधी उरकून टाकते. पगार कंपनीत जास्त. स्वातंत्र्य लोकांना वाटतं तेवढं कुठेच नाही, ग्रँटचे अर्ज लिहिण्यात किती वेळ जातो ते बघितलंत तर मॅनेजर परवडला म्हणाल.

माझ्या येण्याजाण्याचं कारण वेगळं आहे. माझा विषय डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स, म्हणजे बरीच मशीन्स नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतायत, त्यातलं कुठलंही कधीही बंद पडू शकतं आणि तरी सगळ्यांचं एका उत्तरावर एकमत व्हायला हवं. आता यात प्रश्न सुटला असं कधी म्हणायचं, ते दोन्हीकडे वेगळं असतं. कंपनीत रात्री अलर्ट येतो, सर्व्हर रिस्टार्ट होतो, चुकांचा ग्राफ खाली येतो, तक्रारीचं तिकीट बंद. का झालं ते पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या पुढच्या एक-दोन आठवड्यांच्या टप्प्यात) बघू म्हणतात, तो स्प्रिंट काही येत नाही. रिसर्चमध्ये का झालं हेच काम, पण पेपर ॲक्सेप्ट झाला की तो कोड कोणी उघडून बघत नाही, ज्याने लिहिला तो विद्यार्थी नोकरीला लागलेला असतो, विषय संपला. मला दोन्हीचा वैताग येतो, मग इकडे फार झालं की तिकडे जाते.

पॅक्सॉसचंच घ्या ना, मशीन्सचं असं एकमत घडवून आणणारा अल्गोरिदम. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने त्याचा पेपर 1990 मध्ये जर्नलला पाठवला आणि छापून आला 1998 मध्ये, कारण अख्खा अल्गोरिदम त्याने एका ग्रीक बेटावरच्या जुन्या संसदेची गोष्ट रचून सांगितला होता आणि परीक्षकांना ते काही झेपलं नाही. (लॅम्पोर्ट तेव्हा प्रोफेसर वगैरे नव्हता बरं का, डेक या कॉम्प्युटर कंपनीच्या रिसर्च लॅबमध्ये होता.) पुढे गूगलने चबी नावाची लॉक सर्व्हिस (एखादी गोष्ट एका वेळी कोणी हाताळायची ते ठरवणारी) पॅक्सॉसवर उभी केली, आणि 2007 मध्ये त्यांच्याच लोकांनी एका पेपरमध्ये लिहिलं की पॅक्सॉसचा सुडोकोड (पायऱ्यांचा कच्चा आराखडा) एका पानात मावतो पण आमचा कोड काही हजार ओळींचा झाला. त्या ओळींमध्ये काय होतं, तर डिस्क करप्ट झाली तर काय, लॉग (बदलांची नोंद) वाढतच चाललाय तर स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) कधी घ्यायचा, सिस्टिम चालू असताना मशीन्सच बदलली तर काय. कंपनीत असताना गूगलचा हा पेपर मी मॅन्युअलसारखा वाचला होता, पीएचडीत परत वाचला तेव्हा जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात एक न सुटलेला रिसर्चचा प्रश्न दिसायला लागला. पेपर तोच.

मग जॉन ऑस्टरहौट, तोही असाच ये-जा केलेला. बर्कलेत प्रोफेसर, 1994 मध्ये सोडून सन मायक्रोसिस्टिम्स, नंतर स्वतःच्या कंपन्या, आणि 2008 मध्ये परत प्रोफेसर, स्टॅनफर्डला. तिथे डिएगो ओंगारो या विद्यार्थ्याबरोबर त्याने राफ्ट नावाचा अल्गोरिदम केला, पेपर 2014 चा. काम पॅक्सॉसचंच, पण अट ही की माणसाला समजला पाहिजे, आणि त्यांनी ते खरंच तपासलं, 43 विद्यार्थ्यांना दोन्ही शिकवून प्रश्न विचारले, त्यातल्या 33 जणांना राफ्टची उत्तरं जास्त चांगली आली. आज कुबरनेटीसखाली (बऱ्याच मशीन्सवर प्रोग्रॅम चालवणारी, सांभाळणारी सिस्टिम) जो एटसीडी नावाचा डेटाबेस असतो तो राफ्टवरच चालतो. समजायला सोपं असणं हा अल्गोरिदमचा गुण म्हणून मोजावा, हे मला वाटतं बरीच वर्षं दुसऱ्यांचा कोड सांभाळलेल्या माणसालाच सुचणार.

ज्यांना स्वतःसाठी विचारायचंय त्यांना एवढंच सांगते, की रिसर्चमधून कंपनीत जाणं सोपं, परत येणं अवघड. निवड समिती पेपर बघते, आणि तुम्ही कंपनीत केलेलं उत्तम काम लीगल विभागाच्या परवानगीत अडकून कुठेच छापलेलं नसतं. म्हणून ऑफर घ्यायच्या आधी टीमला विचारा, बाहेर छापता का? "हो, पॉलिसी आहे आमची" एवढ्यावर गप्प बसू नका. गेल्या दोनेक वर्षांत काय छापलं ते दाखवा म्हणायचं.