तारीख उलटलेले पनीर

आज फोंड्याच्या घरी स्वयंपाकघर आवरताना ‘बेस्ट बिफोर’ची तारीख तीन आठवड्यांपूर्वी उलटलेला बिस्किटांचा बंद पुडा आणि ‘यूज बाय’ची तारीख कालच संपलेले पनीर हाती लागले. पहिली तारीख चवीची आणि कुरकुरीतपणाची, दुसरी सुरक्षिततेची. म्हणून बिस्किटे चहाबरोबर संपली (आमच्या पावसाळी हवेत ताजीही मऊच पडतात म्हणा). पनीराला मात्र वास नव्हता, रंगही स्वच्छ होता, आणि आई म्हणाली, “तळून घेतलं तर काय होतंय?” परंतु लिस्टेरियासारखे जिवाणू फ्रीजच्या ४ अंश सेल्सिअस थंडाव्यातही वाढतात, वासावरून ते कळत नाहीत, शिवाय काही जिवाणूंनी सोडलेले विष तळूनही नष्ट होत नाही, त्यात परवा रात्री चार तास वीज नव्हती. पनीर टाकले. आई अजून धुसफुसते आहे.