निंग्बोची पोरगी, परभणीचा मी आणि मधातलं इंग्रजी

वाळूजला मी ज्या कंपनीत पर्चेस बघतो तिथं बेअरिंगचा एक सप्लायर चीनचा आहे, निंग्बोचा, आणि त्यांच्याकडून जी पोरगी आमचं अकाउंट सांभाळती तिच्यासोबत माझं रोज टायपिंग चालू असतंय. आधी वीचॅट या चिनी ॲपवर चालायचं, २०२० च्या जूनमधे आपल्याकडं ते बंद झालं मग ती व्हॉट्सॲपवर आली (तिकडं व्हॉट्सॲप बंद आहे, एक्स्पोर्टवाले काहीतरी व्हीपीएन लावून वापरतेत). तर तिला बाहेर शिकायला जायचंय म्हणून ती आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करायली, आणि तिनं मला विचारलं की कामाचं सोडून रोज थोडी इंग्रजीची प्रॅक्टिस करूया का. म्हणलं करू की. जगात जर्मनी भारतात परभणी, आपण काय कमी हाव का. माझी सुट्टी साडेसहाला होती, तेव्हा तिकडं नऊ वाजलेले असतेत, कंपनीच्या बसमधून बजाजनगरला उतरेपर्यंत आमचा क्लास चालतो.

मला वाटायचं चीनच्या लोकांना इंग्रजी येतच नाही. तसं काही नाही बघा. त्यांच्याकडं तिसरीपासून शाळेत इंग्रजी आहे, गाओकाओ म्हणजे त्यांची बारावीनंतरची ती मोठी परीक्षा, ७५० मार्कांची, त्यात इंग्रजीला १५० मार्क. कॉलेजला गेलं की परत सीईटी-४ नावाची इंग्रजीची वेगळी परीक्षा, ती ७१० मार्कांची, अन ४२५ च्या वर पडले म्हणजे सुटलो असं समजतेत. मी अकरावी-बारावी लातूरला केली त्यामुळं ती सांगायली तेव्हा मला सगळं ओळखीचं वाटलं, पहाटेचा अभ्यास, टेस्टवर टेस्ट, रूमच्या भिंतीला चिकटवलेले फॉर्म्युले. फक्त आमच्या भिंतीवर फिजिक्स केमिस्ट्री होतं आणि तिच्या भिंतीवर इंग्रजी शब्द.

शब्दांचं तिचं पाठांतर म्हणजे लई भारी. शब्दांची जाड जाड पुस्तकं असतेत त्यांच्याकडं, ए पासून झेड पर्यंत, आणि बऱ्याच पुस्तकांत पहिलाच मोठा शब्द येतो 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे. तिकडं त्याचा जोकच झालाय की पोरं पुस्तक उघडतेत, अबॅन्डन वाचतेत आणि खरंच सोडून देतेत. आता ॲप आलेत, ते एबिंगहाउसच्या नावानं चालतेत. हा जर्मन माणूस, त्यानं १८८५ ला स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं माणूस किती पटापट विसरतो. मग ॲप काय करतं, विसरायच्या बेतात आलं की तोच शब्द परत समोर आणतं. ती रोज हे करती. मला जे शब्द डिक्शनरीत बघावे लागतेत ते तिला तोंडपाठ आहेत. पण तेच शब्द मेलमधे आले की ती अडकती, कारण तिनं एका शब्दाला एकच अर्थ पाठ केलेला. 'इश्यू' म्हणजे प्रॉब्लेम हे माहिती, मग 'वी विल इश्यू द पीओ' (म्हणजे खरेदीची ऑर्डर काढतो) वाचून तिनं घाबरून विचारलं पीओला काय झालं.

आपलं नेमकं उलटं आहे. माझा बाप सातवी शिकलेला, सेलूच्या पलीकडं कोरडवाहूत अर्धं आयुष्य गेलं, पण त्यांना शेकड्यानं इंग्रजी शब्द येतेत, स्टार्टर, फेज, डीपी, ट्रॅक्टर, ड्रिप, पाईप, व्हॉल, लोन, सब्सिडी. हे कोणी पाठ करून घेतलं नाही, फुकट आलेलं आहे. चिनीत असं होत नाही, ते लोक बहुतेक गोष्टींना स्वतःचेच शब्द पाडतेत त्यामुळं त्यांना प्रत्येक इंग्रजी शब्द कष्टानं कमवावा लागतो. फक्त आपल्या या फुकटच्या मालाचा अर्थ गावाकडं येता येता बदललेला असतो. आमच्या मेन्टेनन्सच्या एकानं तिला एकदा थेट लिहिलं की 'लाईट नॉट देअर सिन्स मॉर्निंग, मशीन ट्रायल पेंडिंग.' तिनं मला खासगीत विचारलं, तुमच्याकडं अंधारात काम करता येत नाही का, खिडक्या नाहीत का.

आता ग्रामरचं सांगतो, कारण खरी मजा तिथं आली.

आमच्याकडं पुण्याहून नवीन साहेब आले, इंग्लिश मीडियमवाले. त्यांनी तिला लिहिलं, 'हॅव यू नॉट डिस्पॅच्ड द मटेरियल?' तिचं उत्तर आलं, 'येस.' साहेब खूश, माल निघाला म्हणून प्लॅनिंगला सांगून मोकळे. मी म्हणलं सर, माल निघालेला नाही. ते म्हणे येस म्हणायली की ती. आता मराठीत आपण काय म्हणतो? माल पाठवला नाही का अजून? हाव, नाही पाठवला. समोरचा जे म्हणला ते बरोबर आहे म्हणून हाव. चिनीत पण हेच. इंग्रजीत मात्र गोष्ट झाली असेल तरच येस, नसेल झाली तर नो, समोरच्यानं कसंही विचारू द्या. साहेबांना हे शिकवायला कोणी लागलं नाही म्हणून त्यांना कळलं नाही, मला तिच्या येसचा अर्थ वाचल्या वाचल्या कळला.

अशा बऱ्याच ठिकाणी आमची दोघांची गाडी एकाच खड्ड्यात जाते. 'ऑल्दो' लिहिलं की पुढं 'बट' तिच्याही हातून येतो आणि आपल्याकडच्या पोरांच्याही, कारण जरीला तरी लागतंच ना, तसं चिनीतही जोडीनंच येतं. 'बिकॉज' च्या पुढं 'सो' तसाच. इंग्रजीला दोन्हीपैकी एकच चालतो. आकड्यांचंही तसंच. आपण लाख-कोटीत मोजतो, ते लोक दहा हजाराचा एक गठ्ठा करतेत, त्याला वान म्हणतेत, म्हणजे आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा वान, आणि कोटेशनमधे मिलियन आला की दोघंही थांबून शून्य मोजतो.

जिथं वेगळे आहोत तिथं पूर्णच वेगळे. बोलताना चिनीत तो, ती, ते सगळ्याला एकच आवाज, था. लिहिताना अक्षरं वेगळी आहेत, पण तोंडाला सवय नाही, त्यामुळं कॉलवर ती स्वतःच्या आईला 'ही' म्हणती, ते पण एकाच वाक्यात दोनदा, आणि तिला पत्ताच नसतो. क्रियापद तर त्यांचं काळाप्रमाणं बदलतच नाही, काल जातो, आज जातो, उद्या जातो, काल-उद्यावरून समजून घ्यायचं. म्हणून 'यस्टरडे आय गो टू पोर्ट'. आपल्याला गेला-जातो-जाईल माहिती असल्यामुळं हे सोपं जातं, पण आपली आदराची भानगड तिला समजायली नव्हती. आमच्या स्टोअरच्या काकांनी लिहिलं 'सर हॅव कम, दे आर आस्किंग फॉर रिपोर्ट', तर तिनं विचारलं एकूण किती सर आलेत, गिफ्ट किती पाठवू.

वाचायचं मात्र दोघांनाही जड. त्याचं कारण मला लई उशिरा कळलं, ते पण तिच्यामुळंच. 'तुम्ही गेल्या आठवड्यात पाठवलेला माल' हे ती चिनीत म्हणून दाखवायली, एकेक शब्दाचा अर्थ विचारला तर क्रम सेम टू सेम आपला, तुम्ही, गेला आठवडा, पाठवलेला, माल. सगळं वर्णन आधी, वस्तू शेवटी. इंग्रजीत वस्तू आधी येऊन बसती आणि मग 'दॅट', 'विच', 'हू' करत शेपूट लांबतच जातं, 'द बेअरिंग्ज दॅट द प्लान्ट वी व्हिजिटेड लास्ट यर सप्लाइड हॅव फेल्ड'. इथपर्यंत येता येता सुरुवातीला काय होतं ते डोक्यातून गेलेलं असतंय. आम्ही आता एकच करतो, वाक्य आलं की आधी मेन क्रियापद शोधायचं, इथं 'हॅव फेल्ड', मग फेल कोण झालं ते शोधायचं, आणि मधातलं सगळं पेन्सिलीनं कंसात टाकायचं. या एका गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा कोणत्या क्लासनं पाडला नव्हता, आणि मी औरंगपुऱ्यात स्पोकन इंग्लिशची फी भरलेला माणूस आहे.

आयईएलटीएसच्या रीडिंगला तीन उतारे, चाळीस प्रश्न, एक तास. त्यात एक प्रकार असतो, वाक्य दिलेलं, ते ट्रू का फॉल्स का नॉट गिव्हन ते सांगायचं. या नॉट गिव्हननं तिला रडवलं. मी एक उदाहरण बनवून दिलं: पूर आला आणि कारखाना बंद पडला, एवढंच उताऱ्यात. प्रश्न: मालकाचं नुकसान झालं. ती म्हणे ट्रू. उत्तर नॉट गिव्हन. ती भांडायली, पुरानं कारखाना बंद पडल्यावर नुकसान होणार नाही तर काय फायदा होणार का? तिला मी २०२५ च्या सप्टेंबरचं सांगितलं, मराठवाड्यात केवढा पाऊस झाला, सोयाबीन पाण्यात उभं होतं, आणि पंचनामा म्हणजे काय ते सांगितलं. डोळ्यांना दिसतंय ते धरायचं नाही, कागदावर आहे तेवढंच धरायचं, परीक्षक म्हणजे तलाठी समज. तेव्हापासून ती उत्तर देताना 'तलाठी सेज नॉट गिव्हन' असं लिहिती.

आमचं भांडण राहिलंय ते एकाच गोष्टीवर. माझं म्हणणं की यादी बाजूला ठेव आणि सोपं सोपं भरपूर वाच. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे प्राध्यापक आहेत, शब्दसंग्रहावरच त्यांचं सगळं काम, त्यांच्या अभ्यासात असं आलंय की आरामात समजून वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द आधीच ओळखीचे पाहिजेत. म्हणजे एका ओळीत तीन-चार शब्द अडायलेत ते पुस्तक तुमच्यासाठी नाहीच, खालच्या लेव्हलचं घ्या, लाज कसली. व्हॉइस ऑफ अमेरिकानं १९५९ ला स्पेशल इंग्लिश काढलं होतं ते याच हिशोबानं, दीडेक हजार शब्दांत बातम्या, त्या पण सावकाश वाचलेल्या, आणि चीनमधे ते ऐकून लई लोक इंग्रजी शिकले. हे तिलाच तिच्या मास्तरनं सांगितलेलं, तरी ऐकत नाही. म्हणती वाचन परीक्षेनंतर, आधी शब्द. काल विचारलं कुठंपर्यंत आलीस, तर म्हणे एम.