बाबाचं औषध

माझी अंगणवाडी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. वर्षातून दोनदा आमच्याकडे अ जीवनसत्त्वाचा डोस असतो. पाच वर्षांखालची पोरं सतरंजीवर ओळीनं बसवायची, सिस्टरनं एकेकाच्या तोंडात चमचा रिकामा करायचा, मी नोंद करायची. दोन-चार रडतात, एखादं चव आवडली म्हणून पुन्हा ओळीत येऊन बसतं. तासाभराचं काम.

त्या दिवशी एका पोरानं दात आवळले. चार वर्षांचा, हजेरीत नाव पुकारलं तरी तोंडानं न बोलता नुसता हात वर करणारा. मदतनीस ताईंनी मांडीवर घेतलं, गूळ दाखवला. काही उपयोग नाही. कोणीतरी म्हणालं, नाक दाबा. मी त्याला उचललं आणि बाहेर ओट्यावर नेलं.

"अरे, गोड औषध आहे."

"औषधच नाई पायजे मले. औषध पेलं का बाबा पडते."

मला आधी खरंच वाटलं, बापाला फिट येत असेल, कळवायला हवं. म्हणून विचारलं, कोणतं औषध? त्यानं सांगितलं नाही, करून दाखवलं. हवेतली बाटली उलटी धरली, तिच्या बुडाला कोपरानं एक ठोसा दिला, झाकण पिळलं. ओतलं. मग बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले, सगळं एका दमात घशाखाली ओतलं, तोंड वाकडं केलं आणि तळहातावरचं न दिसणारं मीठ चाटलं. एक पायरी चुकली नाही. याच पोराला हात धुण्याच्या पायऱ्या शिकवायला मला दोन महिने लागले होते.

आणि मग मला महिन्यापूर्वीची भातुकली आठवली. तेव्हाही तो पावडरच्या रिकाम्या डब्याला कोपर मारत होता. मला वाटलं, ढोलकी वाजवतोय. शेजारची पोरगी 'आई' झाली होती. हा 'घरी' यायच्या आत तिनं बाहुली उचलून दाराआड नेऊन ठेवली आणि भाताचा गंज झाकला. मी तेव्हा वहीत लिहिलं होतं: 'भूमिका-खेळ, सहभाग चांगला.' ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

आमचा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. सेवाग्राम इथलंच, गांधीजींचा जिल्हा म्हणून बंदी. मोहाची मिळतेच, बाहेरूनही येते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण पोरांना दिसेल असं दुकान नाही, पाटी नाही. माझ्या मुलीनं एकदा मोबाईलवर एक अमेरिकन अभ्यास वाचून दाखवला होता, 2005 सालचा. दोन ते सहा वर्षांच्या 120 मुलांना खेळण्यातल्या दुकानात बाहुलीसाठी खरेदी करायला सांगितली, तर साठ टक्क्यांहून जास्त मुलांनी बाहुलीसाठी दारूही घेतली. तेव्हा मी म्हटलं होतं, त्यांच्याकडे ती किराण्याच्या दुकानातच मिळते ना, म्हणून. आमच्या पोरांना काय कळतं!

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई चुलीपाशी होती. मी शब्द जुळवत बसले, तीच म्हणाली, "काय करू मॅडम? दारू म्हणलं तर हा चौकात जाऊन सांगन. बंदी हाय, पोलीस येतीन. म्हणून आम्ही औषधच म्हणतो त्याच्यासमोर."

मी तिला काय बोलणार होते? आमच्या घरी लग्नकार्याला दीर येतात तेव्हा 'सामान आणलं का' असं कुजबुजतात. सामान म्हणजे काय, हे माझ्या मुलीला पाच-सहा वर्षांची असतानाच कळलं होतं, हे तिनं मला कॉलेजात गेल्यावर सांगितलं.

फक्त एवढंच म्हटलं, औषधाला औषध राहू द्या. ताप आला तरी हा गोळी घेणार नाही. तिनं मान हलवली, पण दाराकडे पाहिलं. नवरा यायची वेळ झाली होती. मी उठले.

राहिलेल्या पोरांचा डोस पुढच्या मंगळवारी होता. ती स्वतः त्याला कडेवर घेऊन आली. सतरंजीवर बसवलं, समोर उकिडवी बसली आणि सगळ्यांदेखत, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, "हे औषध होय. बाबा पेते ते दारू होय. आयकलं?"

खोलीतल्या दोन-तीन आया एकदम पदर सारखा करू लागल्या. पोरगं तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. मग त्यानं आ केला. सिस्टरनं चमचा रिकामा केला, मी खूण केली.

तो थोडा वेळ तसाच बसला. ओठ चाटले. मग हळूच सतरंजीवर आडवा झाला आणि डोळे मिटून घेतले.

"काय रे, झोप आली?" सिस्टर हसत म्हणाल्या.

"पडलो," तो म्हणाला, आणि एक डोळा किलकिला करून आईकडे बघू लागला.