मुलगी झाली!

काल पहाटे ४ वाजता कळा सुरू झाल्या. सायनहून परळला पोचेपर्यंत टॅक्सीत रस्त्यातला प्रत्येक खड्डा कमरेत कळत होता. शेजारी आई, माझा हात घट्ट धरून. "श्वास घे गं, हळू सोड."

तपासलं तर पिशवीचं तोंड ३ सेंटीमीटरच उघडलेलं. १० व्हायला दुपारचे ३ वाजले. मधले तास सलग आठवत नाहीत. आठवतात त्या लेबर रूममधल्या मावशी, कंबर चोळत म्हणणाऱ्या, "झालंच बाई, आलंच बाळ." आज त्यांना शोधलं तर ड्युटी संपवून गेलेल्या. नावही विचारायचं राहिलं गं बाई.

आणि मग ते रडणं! नाळ कापायच्या आधीच तिला माझ्या छातीवर ठेवलं. ओली, गरम, अंगावर पांढरा चिकट थर, मुठी आवळलेल्या. पहिल्या तासातच सिस्टरनी पाजायला लावलं. चीक म्हणजे काही थेंब; यात हिचं काय भागणार, असं वाटलं. त्या म्हणाल्या, तिचं पोट आत्ता एवढंसंच आहे, आणि रोगांशी लढायची पहिली ताकद यातूनच मिळते. सासूबाईंनी आणलेला मध त्यांनी गोड बोलून पिशवीत परत ठेवायला लावला. ६ महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही.

आज सकाळी बीसीजी, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस बी. सुई बघून तिच्याआधी माझेच डोळे भरले.

बाहेर पाऊस लागलाय. ती माझी करंगळी धरून झोपलीये. सोडवावीशी वाटत नाही, म्हणून एका हाताने टाईप करतेय.